अक्कडीची ओळ

कोट मेहुण्याचा होता. त्यालाही तो म्हैसूरच्या एका वकिलानं जुना झाला म्हणून दिलेला. बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या आणि बटण लागत नव्हतं, म्हणून सगळी वाट मी पोट आत ओढून बसलो.

इनामदारांचा निरोप होता: दसऱ्याला म्हैसूरच्या बंगल्यावर ये, पाभर घेऊन ये, बायकोलाही आण. मी समजलो, आपल्या रागीला बक्षीस. दुसरं काय असणार? त्या साली आमची रागी कमरेला लागत होती, कणसं मुठी वळल्यासारखी गच्च. पाभर गाडीत, बायको गाडीत, आणि मी कोटात.

बंगल्याच्या अंगणात पाहुणे जमले होते. कारभारी ताटात झेंडूचा मोठा हार घेऊन माझ्याच दिशेनं येत होता. मी टोपी काढली आणि मान पुढे केली. तो म्हणाला, "सरक रे." हार माझ्या मागच्या लोखंडी नांगराला होता.

घरी ही गोष्ट सांगताना मी इथं थांबतो. पोरं हसून लोळतात. मीही हसतो. पुढचं कधी सांगितलं नाही. आज लिहितो.

कारभाऱ्यानं कोट काढायला लावला. "हे सोंग कशाला? घोंगडी घे." अंगणाच्या मधून चुन्याची रेघ मारलेली होती. पलीकडे हार घातलेला नांगर, बरण्यांमधून भात, तोरणासारखा बांधलेला ऊस. अलीकडे मातीचा ढीग, माझी पाभर, घोंगडीतला मी आणि माझी बायको. मागे एक फळी ठोकली होती. मला कन्नड वाचता येतं, पण हळू. मान वळवून एकेक अक्षर जोडत गेलो. शब्द पुरा झाला तेव्हा कळलं. अडाणी शेती.

बक्षिसासाठी नव्हतं बोलावलं. दाखवायला बोलावलं होतं.

आमच्याकडे रागी एकटी पेरत नाहीत. पाभरीमागून बाई चालते, हातात बांबूची नळी, ओटीत बी. ठरावीक अंतरानं एक ओळ तिची. तिला अक्कडी म्हणतात. त्यात अवरे म्हणजे वाल, तूर, एरंड, मोहरी, कारळे. पाऊस दगा देऊन रागी गेली तरी अवरे दवावर तगतात. एरंडाचं तेल दिव्याला. शेंगांचा पाला पडून जमीन निवते. कुठल्या बीनंतर कुठलं, हे बाईच्या बोटांना ठाऊक असतं. आणि त्या ओळीचं जे येईल ते तिचं. नवरा विचारत नाही. मी एकदा विचारलं होतं. पुन्हा नाही विचारलं.

त्या दसऱ्याच्या दोन वर्षं आधी कालवा आला. इनामदारांनी आमचा खालचा तुकडा भाताला लावायला सांगितला. जबरदस्ती झाली असं म्हणणार नाही. मी खूश होतो. रागीचा गोळा खाणारा तो खालचा, भात खाणारा तो मोठा, असं आमच्या गावात आहे. पहिला भात शिजला त्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवून जेवलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

मग पाणी साचून राहिलं. डास झाले. खालच्या आळीत घरोघरी थंडीताप. आमची धाकटी त्यात गेली. चार वर्षांची होती. आईच्या मागून अक्कडीच्या ओळीत चालायची, पडलेलं बी वेचून परत आईच्या ओटीत टाकायची.

खालच्या आळीनं पुढं भात सोडून ऊस धरला. उसात अक्कडी नसते. तिथल्या बायका आता दिव्याच्या तेलासाठी नवऱ्यापुढं हात पसरतात. रागीचा कडबा नाही म्हणून गाई विकल्या. धान्याची पेवं रिकामी. गूळ पेवात घालून दुष्काळ निघत नाही.

आमचा वरचा तुकडा तेवढा रागीचा उरला होता. बायकोची ओळ तिथंच होती.

तर अंगणात. बायकोच्या ओटीत बी म्हणून वाळू घातली होती. पाहुणे आले की तिनं ढिगाऱ्यावर नळीतून वाळू सोडायची. सकाळपासून ती वाळू पेरत होती. एका पाहुण्यानं काठीच्या टोकानं नळी हलवून विचारलं, "काय काय टाकतेस ग?" ती सांगायला तोंड उघडणार, तोच इनामदार बोलले, "तिला काय विचारता? मुठीत येईल ते टाकते. एका शेतात बारा भानगडी."

सगळे हसले. मग इनामदार माझ्याकडे वळले. "काय रे मराठ्या, खरं ना?"

मीही हसलो. हात जोडले आणि म्हणालो, "खरं आहे, बुद्धी. आम्हाला काय कळतं?"

मालकाला आमच्याकडे बुद्धी म्हणतात. त्याच्याकडे असते म्हणून.

इनामदार खूश झाले. माझ्या खांद्यावर काठी ठेवून पाहुण्यांना म्हणाले, "सुगी झाली की हा वरच्या तुकड्यातही ऊस लावणार. त्याच्याच तोंडून ऐका. सांग रे."

बायकोनं ओटी सोडली. सगळी वाळू एकदम तिच्या पायांवर पडली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मागं वळून बघत होती, चार वर्षांच्या पोरीची उंची असते तेवढ्यावर.

मी म्हणालो, "इल्ला."

"काय?"

"नाही लावणार. वरचा तुकडा रागीचा. अक्कडीसकट."

आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, हे आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगतात. माझा आवाज फाटला होता आणि मी पाभरीला धरून उभा होतो. घोडं असतं तर खाली पडलो असतो.

"जमीन कुणाची, ते ठाऊक आहे ना?" इनामदार हळू म्हणाले.

"ठाऊक आहे," मी म्हणालो. पुढं बुद्धी म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

सुगी झाली. जमीन गेली. आज तिथं दारापर्यंत ऊस आहे. आम्ही हिनकलच्या पलीकडे एका खडकाळ माळावर रागी करतो, तीही दुसऱ्याच्याच जमिनीत. गुडघ्याच्या वर येत नाही. म्हणजे जिंकलो वगैरे काही नाही. पोरगी परत आली नाही. पण यापुढं कुणाच्या अंगणात मी नमुना म्हणून उभा राहणार नाही. आणि आमच्यावर कुणी हसलं तर त्याच्याबरोबर हसणार नाही. घोंगडीची लाज मला वाटत नाही, फळीचीही नाही. त्या हसण्याची वाटते.

त्या दुपारी परत येताना वरुणा गावच्या वाटेवर बायको गाडीत ओटीतली वाळू झटकत बसली होती. मी दोनदा खाकरलो. आता ही काही चांगलं बोलेल, निदान शाब्बास म्हणेल, असं मला वाटत होतं. कोस दोन कोस गेल्यावर ती बोलली.

"जमीन त्याची. घेऊ दे. बी माझं आहे, ते मी नेणार." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि हे बघा, पुन्हा कधी काही कळत नाही म्हणायचं झालं तर तुमच्या एकट्याचं म्हणा. मला कळतं."