सात धनगरवस्त्या आणि एक नकाशा

तुम्ही फोनवर विचारता, आजी लॅपटॉपवर एवढं काय करते. मी नकाशे करते. खुला नकाशा म्हणजे लोकांनीच भरलेला, कुणीही फुकट उतरवून घ्यावा असा. मोठ्या शहरांपुरते त्याचे तयार तुकडे मिळतात. पुण्याचा मिळाला, पण भोर आणि वेल्हे त्यात येत नाहीत. म्हणून मी जास्त मोठ्या भागाची जड फाइल उतरवली, तिच्यातून आपले दोन तालुके कापून घेतले आणि वेबपेजला वाचता येईल अशा रूपात ते बदलले. पायऱ्या वहीत लिहून क्रमाने केल्या की जमतं.

हे काम माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने आणलं. ती आता मार्गासनीच्या बाजूला आशाताई आहे. गावोगावच्या गरोदर बायकांकडे लक्ष ठेवते. डोंगरावरच्या धनगरवस्तीत एका सुनेचे दिवस भरत आले होते. आधीच्या खेपेला ॲम्ब्युलन्स भलत्याच वाडीला जाऊन उभी राहिली आणि तिचं मूल वाटेतच गेलं.

"फोनमधी गाव दिसतं बाई, वस्ती न्हाई दिसत," ती म्हणाली. "मी गाडीत असंनच असं न्हाई. या टायमाला चुकाय नको."

"चुकणार नाही," मी म्हणाले.

नकाशातल्या जागांच्या नावांची यादी तपासताना 'धनगरवस्ती' हे नाव सात वेळा दिसलं. लोक एकच जागा पुन्हा पुन्हा भरतात, हे मला माहीत होतं. मी एक ओळ ठेवली आणि सहा पुसल्या. स्वच्छ यादी बघून मला किती बरं वाटतं, ते तुमच्या आईला विचारा.

नकाशा झाल्यावर आशाताई आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर एसटीने भोरला माझ्याकडे आले. तिने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"बाई, ही आमची न्हाई. ही खिंडीपल्याडची."

"धनगरवस्ती एकच आहे ना?"

ड्रायव्हर म्हणाला, "जेवढे डोंगर तेवढ्या धनगरवस्त्या, बाई. शाळंत एका नावाची दोन पोरं आली तर तुमी एकाला घरी धाडत व्हता का?"

आशाताईने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला हसू आलं, कारण त्याचं बरोबर होतं.

मूळ फाइलला मी कधी हात लावत नाही. तिच्यावरून पुन्हा रूपांतर केलं आणि सातही ठिपके परत आले. पण सातांवर नाव एकच. गाडीने कुठे वळायचं?

"तुम्ही लोक कशावरून ओळखता?" मी विचारलं.

"दुधावरनं," आशाताई म्हणाली. "वस्तीचं दूध ज्या गावाला उतरतं, ती वस्ती त्या गावाची. रोज दूध उतरतं म्हंजी वाट तिथनंच. दुसरीकडनं गेलं की कडा लागतो."

हे कुठल्याही फाइलमध्ये नव्हतं. मी 'दूध कुठे उतरतं' असा नवा रकाना केला. तिने सातही गावं सांगितली. गाडी कुठे थांबते आणि पायवाट कुठे सुरू होते, ते ड्रायव्हरने दाखवलं. मग प्रत्येक ठिपक्यावर धनगरवस्तीच्या पुढे त्या गावाचं नाव आलं.

दोन आठवड्यांनी सकाळी आशाताईचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, गाडी निघाली होती, आणि ती स्वतः दुसऱ्या गावात लसीकरणाला बसली होती. मी स्वयंपाक थांबवला नाही, पण मीठ दोनदा घातलं. तासाभराने पुन्हा फोन आला: गाडी थेट दुधाच्या वाटेला गेली, सून गाडीत आहे. दुपारी भोरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी ठीक.

संध्याकाळी मी भेटायला गेले. तिच्या सासूबाई खाटेशी बसल्या होत्या.

"तुमीच का नकाशावाल्या बाई? आमची वस्ती दिसती म्हनं त्यात."

"दिसते. वाटही दिसते."

"आन् कुत्री?"

"कुत्री नाहीत."

"मंग ती घाला आधी. ह्यो डायवर निम्म्या वाटंला झाडावर चढून बसला हुता. म्या कुत्र्यास्नी हाक मारली तवा खाली उतरला."

दाराशी उभा असलेला ड्रायव्हर एकदम मोबाईलमध्ये बघू लागला.

घरी येऊन मी त्या पायवाटेवर टीप घातली: कुत्री मोकळी असतात, खालूनच हाक द्यावी.