प्रश्न मराठीत, लेखी

अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात मी तीन वर्षं ग्रामसेवक होतो. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. माझं गाव माळशिरसकडचं, आणि कन्नडचा आमच्या घराण्यात कुणाला गंध नाही. बदलीचा हुकूम काढणाऱ्या साहेबाला मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. गाव घरात, शेतात, देवळात कन्नड बोलायचं. माझ्याशी कामापुरतं मराठी. "नमस्कार, भाऊसाब" म्हणून माणसं पुढं जायची आणि दोन पावलांवर आपसांत हसायची. मला हसत नसतीलही, पण मला तसंच वाटायचं. पंचायतीच्या मागच्या खोलीत मी एकटा राहायचो. भात शिजेपर्यंत स्टोव्हशी मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. रविवारी एस.टी.नं सोलापूर गाठायचो आणि सात रस्ता चौकात उगाच हिंडायचो. काही घ्यायचं नसायचं, नुसतं चार माणसांचं मराठी कानावर पडावं म्हणून.

ग्रामसभा बसवण्णाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर भरायची. एका सभेत खालच्या आळीतली एक विधवा उभी राहिली. पन्नाशीची, अंगानं काटक. गावाला दुसरा हातपंप मंजूर झाला होता तो खालच्या आळीसाठी, आणि सरपंचांनी त्याची जागा स्वतःच्या खळ्याजवळ धरली होती. बाई कन्नडमध्ये बराच वेळ बोलली, सभा तापली, दोघंतिघं तिच्या बाजूनं उठले. मला त्यातलं 'नीरु' म्हणजे पाणी एवढंच कळलं. मी वहीत लिहिलं, 'पाण्याबाबत चर्चा झाली.'

पुढच्या सभेत सरपंचांनी नियम केला. अगदी गोड आवाजात. भाऊसाब परमुलखातले, त्यांना आपली भाषा कळत नाही, नोंदी चुकतात, म्हणाले. तेव्हा यापुढं सभेत कुणी तोंडी बोलायचं नाही. प्रश्न आधी मराठीत लेखी द्यायचा, सरपंच तो वाचतील. गावाचं तोंड बंद करायला माझंच अडाणीपण कामाला आलं. असा नियम करायचा पंचायतीला काडीचा अधिकार नाही, ग्रामसभेत गावातल्या कुणालाही बोलता येतं, हे मला पक्कं माहीत होतं. तसं शिकवूनच आम्हाला पाठवलं होतं. पण सरपंचांशी वाकडं कोण घेणार? मी ठराव वळणदार अक्षरात लिहून मोकळा झालो.

आता गंमत बघा. गावची शाळा कन्नड. मराठी लिहिता येणारे सरपंचांच्या घरातले दोघं, आणि तिसरा मी. त्यामुळं संध्याकाळी माणसं माझ्या दारात येऊ लागली. एकाला गटाराचं लिहून हवं, एकाला पाणंदीचं. कुणी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन यायचं, कुणी नुसतंच येऊन बसायचं. मी लिहायचो आणि ते शब्द सांगायचे, बर्री म्हणजे या, हौदु म्हणजे हो. माझे उच्चार ऐकून पोट धरून हसायचे, आणि आता ते कशाला हसतात हे मला कळत होतं. चारपाच महिन्यांत मी बरंच कन्नड समजू लागलो. सोलापूरच्या रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या. इतका सुखी मी त्या नोकरीत आधी कधी नव्हतो, आणि हे सुख त्या बेकायदा ठरावानं दिलं होतं.

सभेत काय व्हायचं तेही सांगतो. सरपंच एकेक कागद भराभर वाचायचे, "विचार करू" म्हणायचे आणि कागद फायलीत टाकायचे. उलट विचारायची सोय नाही, कारण तोंडी बोलणं बंद. बाईचा हातपंपाचा कागद असा दोनदा फायलीत गेला. तिसऱ्या खेपेला ती माझ्याकडं आली ती दारातच उभी राहिली. भाकरी नाही, हसणं नाही. मी कागद पुढं ओढला तर तिनं हातानं नको म्हटलं.

"लिवणार तुमी, वाचणार सरपंच. मी कवा बोलले त्यात?" ती म्हणाली. मग तिनं सरळ विचारलं, "सरकारचा कायदाच हाय का असा?"

खोलीत तेव्हा आणखी तिघं बसलेले होते. चहा उकळत होता.

"आहे," मी म्हणालो.

ती गेली. पुढचे आठ दिवस मी नीट जेवलो नाही. लोक येत होते, हसत होते, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. अखेर मी पंचायत समितीला पत्र लिहिलं की अमुक ठराव नियमबाह्य आहे. पत्र टाकून परत येताना मला चांगलं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पुढच्या सभेला तालुक्याहून विस्तार अधिकारी आले. त्यांनी मराठीतून आणि मोडक्या कन्नडमधून सांगितलं, असा कायदा कुठंही नाही, ठराव रद्द. ज्याला बोलायचंय त्यानं आपल्या भाषेत बोलावं, ग्रामसेवकानं लिहावं. सगळ्यांत आधी ती बाई उठली. हातपंपाचं बोलली, मंजुरी कुठल्या आळीच्या नावानं आली ते बोलली. यावेळी मला शब्द न् शब्द कळत होता. मग ती माझ्याकडं वळली आणि कन्नडमध्येच म्हणाली की या भाऊसाबला मी विचारलं होतं, आणि यानं कायदा आहे म्हणून सांगितलं.

अधिकाऱ्यांना ते भरभर बोलणं कळलं नव्हतं. वही माझ्या मांडीवर होती, आणि मी काय लिहितोय ते कट्ट्यावरच्या गावकऱ्यांना वाचता येणार नव्हतं. सरपंचांना येत होतं, पण ते काय बोलणार? मी लिहिलं, 'असा कायदा असल्याचे ग्रामसेवकांनी आपणास खोटे सांगितले, असे सदर बाईंनी सभेत सांगितले.' मग उभा राहून ते मोठ्यानं वाचलं, आधी मराठीत, नंतर मला जमेल तशा कन्नडमध्ये. उच्चार चुकले. कुणी हसलं नाही.

हातपंप खालच्या आळीत बसला. सभेत माणसं भांडायला लागली, मी पानंच्या पानं लिहायला लागलो. मला कुणी वाईट बोललं नाही. नमस्कार होत राहिला. पण लिहून घ्यायला आता कुणाला यायचं कारण नव्हतं, आणि नुसतं बसायलाही कुणी आलं नाही. उरलेली दोन वर्षं मी त्या दारात एकटाच खुर्ची टाकून बसलो.

मी खोटं का बोललो, हे मला गावात कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला एक वाक्य मी कन्नडमध्ये जुळवून ठेवलं होतं: तुम्ही येत होता, म्हणून.