चालत्या सायकलवर घातलेली टोपी

जळगाव ते धुळे सायकलवर जायचं ठरलं, तेव्हा वहिनीने एकच अट घातली. "हे एकदा जरी पडले ना, सायकल भंगारात!"

हे म्हणजे माझे मोठे भाऊ, नाना. त्यांना कंपवात आहे. चालताना पाय जमिनीला चिकटतात, पण सायकलवर बसवलं की गडी सुसाट. डॉक्टरांनीही होकार दिला. जळगावात कंपवाताच्या रुग्णांसाठी मोफत व्यायामवर्ग चालतो, त्याच्यासाठी देणग्या गोळा करायलाच आम्ही आठ-दहा जण निघालो होतो.

मेहरूण तलावावरून पहाटे सुटलो. एरंडोलपर्यंत रस्ता झकास, वारा मात्र समोरून. मुक्काम पारोळ्याला, खोली-जेवण धरून माणशी हजारात भागलं. शेवभाजी मागवाल तर "तिखट कमी" दोनदा सांगा. आम्ही एकदाच सांगितलं आणि रडत जेवलो.

पहिल्या दिवशी नाना वहिनीसोबत मागच्या टेम्पोत होते. दुसऱ्या दिवशी एका ओट्यावरून मी त्यांना सायकलवर चढवलं. चढा-उतरायला त्यांना उंच ओटा आणि निवांतपणा लागतो. गर्दी दिसली की पाय गोठतात. पाइप ठोकून आवाजावरून चीर ओळखायची, मी हमालीतून पाइपच्या दुकानापर्यंत आलो ते अशा कानांच्या जोरावर. सगळा वेळ कान नानांच्या सायकलच्या साखळीकडे. एकसारखी वाजत होती.

फागणे गाव आलं आणि मी सायकल नानांच्या जवळ घेतली. रस्त्याच्या कडेला अख्खा गाव, हातात टॉवेल-टोपी. आमची बातमी आधीच पोचली होती. सत्कार! आमच्या खान्देशात हा मान घेतल्याशिवाय पाहुणा सुटत नाही.

"ओ नाना, थांबा ना! मान शे तुमना!" एक आबा ओरडले.

साखळीचा आवाज अडखळला. मागून टेम्पोतून वहिनी, "अहो, सांभाळा!"

नानांनी मान वर केली. "उतरनू ते पडसू, आबा! तुम्हीच पया!"

आणि आबा पळाले की! धोतराचा सोगा एका हातात, टोपी दुसऱ्या हातात. पळता पळता नानांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. साखळी पुन्हा लयीत. गाव टाळ्या वाजवतंय, मी डोळे पुसतोय, आणि नाना माझ्यावरच खेकसले, "पुढे बघ, पडशील!"

धुळ्यात ओटा शोधून त्यांना निवांत उतरवलं. एकदाही पडले नाहीत.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. माझ्या मांड्यांचं दुखणं गेलं, वर्गाला मदत पोचली. टोपी नाना काढायला तयार नाहीत. आणि तो मानाचा टॉवेल? वहिनी रोज सकाळी त्यानेच सायकल पुसते.