एक खाट, दोन फोन

गेल्या वर्षी माझ्या कोडनं एका मुलीला फसवलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी केजमध्ये वसतिगृह आहे, त्याच्या प्रवेशाचं ॲप मी लिहिलेलं. शेवटची एकच खाट त्यानं दोघींना दिली. आईबाप निर्धास्त होऊन कारखान्याच्या वाटेला लागलेले, आणि ही पेटी घेऊन दारात उभी. शेवटी तिला मागोमाग उसाच्या फडावर धाडलं. तिचं शाळेचं वर्ष बुडालं.

साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले, सगळ्या टेस्ट पास आहेत, एका क्षणी दोन अर्ज आले हा योगायोग. मला राग आला. योगायोग कसला? आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि ट्रॅक्टर दारात येईपर्यंत कोणता कोयता येणार याचा मुकादमालाही पत्ता नसतो. सगळे ट्रॉलीत चढले की मग तो दोन हातांत दोन फोन धरून एकदम अर्ज पाठवतो. तोडकऱ्याची पोर असून मी टेस्टमध्ये मात्र एकामागून एक अर्ज सोडलेले, तेही एकाच सर्व्हरवर. खरे सर्व्हर दोन. एक अर्ज चालू असताना दुसऱ्याला त्या खाटेपासून अडवणारं कुलूप दोघांचं आपापलं, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

मग मी हट्टालाच पेटले. लॅपटॉपवर दोन सर्व्हर चालू केले, खाट एकच ठेवली आणि दोन्हींकडं एकदम अर्ज सोडले. दोन्हीकडून 'प्रवेश मिळाला'. टेस्ट नापास झाली आणि चूक हाती लागली म्हणून मी चक्क टाळी वाजवली. दोघांत मिळून एकच कुलूप केलं. कुलूप लावलेला सर्व्हर मुद्दाम बंद पाडला, तर कुलूप तसंच अडकून बसलं. मग थोड्या वेळानं ते आपोआप सुटेल अशी सोय केली. साहेब कंटाळले, मी नाही.

यंदा मी स्वतः ट्रॅक्टरपाशी जाऊन उभी राहिले. खाट एकच उरलेली. मुकादमानं दोन्ही अंगठे दाबले. एका फोनवर प्रवेश, दुसऱ्यावर 'जागा संपली'. दुसरा अर्ज गेल्या वर्षीच्या त्याच मुलीचा होता.

ॲप मीच केलंय, एवढं तिच्या आईला कसंबसं सांगितलं.

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "औंदा निघायच्या आदी कळलं की. दिंद्रुडला तिच्या मावशीकडं ठिवते."

मुकादम घाई करत होता. तिनं त्याला थांबायला लावलं आणि लेकीची पेटी ट्रॉलीतून खाली घेतली.