चिंचणीची डाय आणि शारजाचं गिऱ्हाईक

चिंचणीला जायचं ठरलं ते वैशालीच्या एका फोनमुळे. तंत्रनिकेतनात असताना आम्ही दोघी होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. आता ती नवऱ्याबरोबर, प्रमोदबरोबर, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीत डाय बनवते. डाय म्हणजे पोलादावर कोरलेला ठसा. त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबला की दागिन्याची नक्षी उठते. त्या किनारपट्टीवर हे काम अनेक घरांतून चालतं.

"शारजाच्या प्रदर्शनात स्टॉल मिळतोय का बघतेय," ती म्हणाली. "लहान निर्यातदारांना सरकार मदत करतं. स्टॉलचं भाडं, विमानाचं तिकीट, यातला बराच भार उचलतं. पालघरला निवड आहे आणि प्रमोदची पाठ नेमकी आत्ता धरलीय. सोबत येतेस?"

नाशिकहून मी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा रस्ता धरला. तुम्ही गेलात तर घाट दिवसाउजेडी उतरा आणि पेट्रोल नाशिकलाच भरून घ्या. विक्रमगडच्या पुढे डोंगरउतारावरच्या वरईच्या तुकड्यात एक अख्खं कुटुंब वाकून काम करत होतं. मनोर, पालघर करत बोईसरला पोचले तेव्हा कारखान्यांची शिफ्ट सुटत होती. कुंभवलीजवळ सायकलींच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली. "अरे मॅडम को जाने दो," कुणीतरी ओरडलं आणि वाट झाली. चिंचणीत शिरताना रसायनांचा वास मागे पडून सुक्या मासळीचा सुरू झाला. रात्री तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. प्रमोद आडवा पडूनच वैशालीला बजावत होता, "गिऱ्हाइकाशी घाई करू नको."

दुसऱ्या दिवशी पालघरला सभागृहात टेबलं मांडली होती. कुणाची चिकू पावडर, कुणाची वारली चित्रं, कुणाचे स्टीलचे सुटे भाग. परदेशातले काही खरेदीदारही बोलावले होते. खरेदीदाराने रस दाखवला तर निवडीत वजन येतं, असं तिथल्या अधिकारी बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. वैशालीने डाय पुसून पुसून लखलखीत केल्या.

शारजाचे एक व्यापारी तिच्या टेबलाशी बराच वेळ थांबले. एकेक डाय उचलून उजेडाकडे धरली, मग मोबाइलवर एका बांगडीचा फोटो दाखवला. मोरांची वेल होती.

"ऐसा ही चाहिए. बना दोगी तो ऑर्डर पक्का."

वैशालीने फोटो मोठा करून पाहिला. मला वाटलं, झालं आपलं काम. पण ती म्हणाली, "ये मेरा डिझाइन नहीं है. दांडी के हरेश्वरदादा का है. उनका नंबर देती हूँ."

"आप बना दो ना. क्या फर्क पड़ता है?"

"मुझे पड़ता है."

त्यांनी नंबर घेतला, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दिवसभरात दुसरं कुणी फार वेळ थांबलं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही बोईसरला वडापाव घेतला. तिने अर्धाच खाल्ला. "प्रमोदला काय सांगू?" एवढंच बोलली. मग घरी जायच्याऐवजी तिने मला गाडी जवळच्याच दांडी गावाकडे घ्यायला लावली.

हरेश्वरदादा दारात बसून होते. घरात भाऊ बोटीवर जातो, हे डायवर बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमीच करून टाकायची ना वयनी. मला कुटं कळनार होतं?"

"मला तर कळलं असतं."

"बरी हाय तुमची गोष्ट," ते हसले. मग आत जाऊन तिच्यासाठी सुकटीची पिशवी घेऊन आले. "आमी कदी नाव लावलं नाय कामाला. तुमी वळकलीत, तेच लय झालं."

प्रमोदला तिने घरी पोचताच सगळं सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "मी असतो तर घेतली असती ऑर्डर." जरा थांबून म्हणाला, "आणि मग हरेश्वरला तोंड चुकवत फिरलो असतो."

तिसऱ्या दिवशी मी सकाळी किनाऱ्यावर एक फेरी मारून निघाले. चिंचणीत राहायची सोय बेताची आहे, सुट्टीत जाणार असाल तर आधी फोन करा.

नाशिकला परतल्यावर काही आठवड्यांनी तिचा फोन आला. या खेपेला तिची निवड झाली नव्हती. शारजाची ऑर्डर हरेश्वरदादांना मिळाली होती. पुढच्या वेळी दोघांनी मिळून एक स्टॉल मागा, असं त्या अधिकारी बाईंनी सुचवलं होतं, आणि दादांनी पासपोर्टसाठी धावपळ सुरू केली होती.

या प्रवासातलं जव्हारचं धुकं आणि चिंचणीचा समुद्र मी फोटोंत आणलाय. पण माझ्याजवळ राहिलं आहे ते त्या फोनवरचं बोलणं. मी विचारलं होतं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं ना. शारजा बघायचं होतं मला," ती म्हणाली. "पण डाय कोरायला बसले की हात स्थिर असतो."