तिच्या मापाचं बाक

नगरपालिकेच्या वार्षिक आढावा सभेला लोक अहवाल ऐकायला येत नसत. अहवाल कोण ऐकतो? मुख्याधिकारी खाली मान घालून आकडे वाचत, पुढच्या रांगेतले नगरसेवक उघड्या डोळ्यांनी झोपत आणि मागे घरगुती गप्पांना रंग चढे. लोक येत ते सभेच्या शेवटासाठी. तिथे एक जुनी पद्धत होती. मागच्या सभेत ज्याचं जे काम मंजूर झालं असेल त्याला भर सभेत उभं करायचं आणि अध्यक्षांनी एकच विचारायचं, "मिळालं का?" उत्तर 'मिळालं' आलं की टाळ्या, आणि विषय कायमचा बंद. 'नाही' आलं की ते काम पुन्हा हाती घ्यायचं, तेही सगळ्यांच्या आधी. मागणारा माणूस हयात नसेल तर घरच्यांनी उत्तर द्यायचं.

यंदा मिस्त्रींना उत्तर द्यायचं होतं.

मिस्त्री म्हणजे पालिकेच्या कारखान्यातले सुतार. दवाखान्यातली स्टुलं, बागेतली बाकं, अगदी नगरसेवक ज्यांवर डुलक्या काढत त्या खुर्च्याही त्यांच्याच हातच्या. माणूस अबोल. घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं आणि ती ते दोघांच्या वाटचं सांभाळत असे.

बायको चणीने अगदी ठेंगणी. ती दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घाले. दवाखाना टेकाडावर, धुलाईघर त्याच्याही मागे. तरुणपणी ती तो चढ गप्पा मारत चढून जाई. पुढे दम लागू लागला. मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "दमले नाही हो, जरा गाव बघतेय." मग तिच्या लक्षात आलं की त्या वळणावर गाव बघणारी ती एकटी नाही. दवाखान्यात धडधाकट माणसं कशाला जातील? पोटुशा बायका, म्हातारेकोतारे, डबे घेऊन निघालेले नातेवाईक, सगळे तिथेच भिंतीला टेकत. तेव्हा ती सभेत उभी राहिली आणि वळणावर एक बाक मागितलं.

नगरसेवक हसले. त्या वर्षी स्वागत कमान प्राधान्याची ठरली. पुढच्या वर्षी कारंजं. मग कारंज्याची दुरुस्ती. बाई दरवर्षी उभी राही, तेच मागे आणि हसून खाली बसे. लोकांनी तिचं नावच बाकवाल्या काकू ठेवलं.

मिस्त्रींचा मात्र जीव तुटे. ज्याने अख्ख्या गावाला बसवलं त्याच्या बायकोने भिंतीला टेकावं? एकदा ते म्हणाले की कारखान्यात फळ्या पडून आहेत, एक बाक ठोकतो आणि गुपचूप नेऊन ठेवतो, कोण विचारतंय. ती संतापली.

"चोरून आणलेल्या बाकावर मी बसायची नाही," ती म्हणाली. "आणि मला माझं बाक नकोच आहे. सगळ्यांचं हवंय."

शेवटी नव्या अध्यक्षबाईंची आई दवाखान्यात दाखल झाली, बाईंना तो चढ रोज चढावा लागला आणि पुढच्याच सभेत बाक मंजूर झालं. लोकशाही अशीही चालते. काम अर्थातच मिस्त्रींकडे आलं.

इथे मिस्त्रींचं चुकलं. एरवी कागद आला की ते आठवड्याभरात बाक उभं करत. या बाकासाठी त्यांना कारखान्यातली फळी पसंत पडेना. त्यांनी चांगलं जाड लाकूड निवडलं, चिरून घेतलं आणि वाळत ठेवलं. ओलं लाकूड पुढे वाकतं, हे त्यांचं पाठ असलेलं उत्तर. बायको विचारी, कधी होणार? ते म्हणत, वाळू दे. "बघा हं," ती एकदा म्हणाली, "नाहीतर तोवर मीच वाळून जाईन." दोघंही हसले होते.

दुसरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पालिकेच्या प्रत्येक बाकाची उंची ठरलेली असते. त्या उंचीवर बायकोचे पाय कधीच जमिनीला टेकत नसत. सभेला येऊन बाकावर बसली की ते लहान मुलीसारखे लोंबकळत राहायचे, थोड्या वेळाने मुंग्या यायच्या. मग मिस्त्री मागून येऊन आपली हत्यारांची पेटी तिच्या पायांखाली सरकवून जायचे. या बाकाला पेटी लागू नये असं त्यांच्या मनात होतं. म्हणून एका संध्याकाळी ती घरी खुर्चीवर डुलकी काढत असताना त्यांनी तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळीने माप घेतलं आणि बाकाचे पाय तेवढेच ठेवले.

बाकावरून शेवटचा हात फिरवायचा राहिला होता तेव्हाच ती गेली. चढावर नाही, घरी, दुपारी, कपडे वाळत घालताना. धावतपळत दवाखान्यात नेलं तेव्हा लोकांनी तिला त्याच वळणावरून उचलून नेलं. बाकाची जागा रिकामीच होती. तेराव्याला नाही, महिन्यानेही नाही, कधीतरी हातात बळ आलं तेव्हा मिस्त्रींनी बाक नेऊन बसवलं आणि पुन्हा त्या रस्त्याने गेले नाहीत.

सभेच्या दिवशी लेक सासरहून आली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाक बुटकं का आहे हे तिने पाहताक्षणी ओळखलं होतं. अहवाल वाचून झाला, टक्केवारी झाली, टाळ्या झाल्या. बाकाचा विषय निघाला तसे वरच्या वॉर्डाचे नगरसेवक उठले. बाक फारच बुटकं झालंय अशी तक्रार असल्याचं त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, बाहुल्यांसाठी केलंय का? हशा पिकला.

लेकीने बापाची बाही धरली. "बाबा, फक्त मिळालं म्हणा," ती कुजबुजली. "एकदा विषय बंद झाला की त्याला कुणी हात लावणार नाही. आईचं तेवढंच राहिलंय."

मिस्त्रींना तेच म्हणायचं होतं. महिनाभर तो एक शब्द ते मनात घोळवत होते. आयुष्यात कधी नव्हे ते भर सभेत बोलायचं, तर तिच्यासाठी बोलायचं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी उभी राहिली. नवऱ्याला घेऊन ती रोज दवाखान्यात जात होती. ती कुणावर रागावलेली नव्हती. "बाक छान आहे हो," ती म्हणाली. "बसताना बरं वाटतं. पण आमचे हे एकदा बसले की उठता येत नाही त्यांना. माझ्या अंगात तेवढी ताकद नाही. कुणीतरी हात देईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहतो."

हशा थांबला. मिस्त्रींना आपलं गणित पहिल्यांदाच नीट दिसलं. त्यांच्या मनातल्या बाकावर ती बसलेली असे आणि तिला उठवायला त्यांचा हात असे. बाकीच्या लोकांना कोण उठवणार, हा विचार त्यांनी केलाच नव्हता.

अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं, "मिस्त्री, काकूंचं काम. मिळालं का?"

मिस्त्री उभे राहिले. लेकीची बाहीवरची मूठ घट्ट झाली.

"नाही," ते म्हणाले. "मिळालं नाही. तिने सगळ्यांचं बाक मागितलं होतं. मी तिच्या एकटीच्या मापाचं केलं. आणि तेही तिला वेळेवर दिलं नाही."

टाळ्या वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले. लेक उठून बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पेटी घेऊन वळणावर गेले. त्याच लाकडाचे उरलेले तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. त्यांचे ठोकळे करून एकेका पायाखाली बसवले, बोल्ट आवळले, बाक हलवून बघितलं. बुटकं होतं तोवर ते तिचं आहे असं वाटत होतं. आता ते गावातल्या कुठल्याही बाकासारखं दिसत होतं आणि मिस्त्रींना रडू आवरेना. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, हातात पाना धरून ते रडले. चढ चढणारे लोक मान वळवून पुढे गेले.

थोड्या वेळाने लेक खालून येताना दिसली. रात्रभर ती बापाशी बोलली नव्हती. ती सरळ येऊन बाकावर बसली आणि समोर गावाकडे बघत राहिली. लेक चणीने थेट आईवर गेली होती. तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत.

मिस्त्रींनी डोळे पुसले. हत्यारं बाहेर काढून ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि खाली वाकून ती लेकीच्या पायांखाली सरकवली.