काळ्या गाडीवरचा न दिसणारा थर

त्या काळ्या गाडीची केस आज आठवली तरी हातातलं काम बाजूला ठेवून कोणाला तरी सांगावंसं वाटतं. सांगायला जमत नाही, म्हणून या वहीत लिहिते. नाव कोणाचंही लिहीत नाही.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले, पण अंगावर वर्दी कधी नव्हती. नवरा शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला सफाईचं काम मिळालं, कारण माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ठाणं झाडणं, माठ भरणं, जीपा धुणं, साहेबांना चहा नेणं, ही माझी ड्युटी. या कामात माणूस दिसतो पण कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांत मी पुष्कळ जबाब झाडू मारता मारता ऐकले.

नागपुरात आमच्या सदर भागात गाड्यांना चकाकी आणून देणारं एक दुकान होतं. दर्शनी भागावर मोठा फलक, 'ग्राफिन कोटिंग, दहा वर्षं निश्चिंत'. दुकानाच्या मालकाने फोनवर व्हिडिओ टाकले होते. बॉनेटवर लायटर धरायचा, नाण्याने घासायचं, चिखल फेकायचा, आणि वरून पाणी ओतलं की सगळं घसरून गाडी आरशासारखी. आमच्या ठाण्यातले अर्धे कर्मचारी ते व्हिडिओ पाहत बसायचे.

मी आमच्या रायटर हवालदाराला विचारलं, हे ग्राफिन काय असते. तो शिकलेला माणूस, ठाण्याची सगळी लिखापढी त्याच्याकडे.

"पेन्सिलीत जे शिसं असते न मावशी, त्याचा एकदम पातळ थर. केसापेक्षाही पातळ. पोलादापेक्षा मजबूत म्हणतात."

"मग पेन्सिल काहून तुटते?"

"तुमाले पोलिसात नाही, कोर्टात पाहिजे होतं," तो म्हणाला.

तक्रार घेऊन आला तो मौद्याचा तांदळाचा व्यापारी. नवी काळी गाडी, तिला या दुकानातून ग्राफिनचा थर लावून घेतलेला. आठ महिन्यांत गाडी राखाडी दिसायला लागली. पाण्याचे पांढरे डाग, दारावर किल्लीचा लांब ओरखडा. पाणी टाकलं तर थेंब होऊन पळायच्या ऐवजी पोतेरं मारल्यासारखं पसरायचं. त्याने फसवणुकीचा अर्ज दिला.

मालकाला बोलावलं तेव्हा तो घाबरला नाही, उलट चिडला. "साहेब, माल असली आहे. बिल पाहा, बाटल्या पाहा. लावणाऱ्यानं लावलाच नाही. साधं पॉलिश मारलं अन् बाटलीतला माल बाहेर विकला. मी तर स्वतः बरबाद होऊन राहिलो."

लावणारा म्हणजे त्याच्या दुकानातला कारागीर. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस, रोज खाप्याहून येणारा. आमच्या डीबी पथकाने, म्हणजे गुन्ह्यांचा माग काढणाऱ्या पोलिसांनी, खबऱ्यांना कामाला लावलं आणि दुसऱ्याच दिवशी खाप्याहून खबर आली. या कारागिराच्या घरी ग्राफिनच्या बाटल्या आहेत. पथक गेलं, पंचांसमोर झडती झाली, आणि अकरा रिकाम्या बाटल्या त्यांच्या खोक्यांसकट जप्त होऊन आल्या. तेव्हा ठाण्यात सगळ्यांना वाटलं की केस सुटली. गाडीही पंचनामा करून आवारात आणून उभी केली.

कारागिराची चौकशी झाली तेव्हा मी ठाणेदारांच्या खोलीबाहेर फरशी पुसत होते. ठाणेदार साताऱ्याकडचे. आवाज न चढवता विचारायचे, त्यामुळे समोरचा जास्तच गडबडायचा.

"रिकाम्या बाटल्या घरी कशाला नेल्या?"

"आई त्यात तेल ठेवते साहेब. ड्रॉपर असते न त्याले, कानात टाकायले बरं पडते."

"अकरा बाटल्या कानाच्या तेलाला?"

"तीन तेलाच्या. बाकी अशाच. काच चांगली आहे, फेकू नाही वाटली."

खोलीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या घरी माळ्यावर किती रिकाम्या बरण्या आहेत ते मलाच माहीत. पण हे मी कोणाला सांगणार?

मग त्याला आवारात नेलं. रायटर हवालदाराने बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सपाट पसरलं आणि तिथेच राहिलं.

ठाणेदार म्हणाले, "थर असता तर थेंब झाले असते. बरोबर?"

"हो साहेब."

"झाले का?"

"नाही. पण थर आहे. मी माझ्या हातानं लावला."

"मग दाखव."

"दिसत नाही तो."

पुन्हा हशा पिकला. हवालदार म्हणाला, "अबे, देव आहे का तो, न दिसाले?"

कारागीर मान खाली घालून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल होणार, त्याला अटक होणार, हे ठरल्यासारखंच होतं. घरात म्हातारी आई, आणि कमावणारा हा एकटा. मला वाटायचं, सुटून आला तरी याचं काय होणार? लोक याच्या हातात लाखोंची गाडी देऊन जातात. एकदा चोर म्हणून नाव झालं की सदरमधल्याच नव्हे, नागपुरातल्या कुठल्या दुकानात याला कोणी उभं करणार नाही. तो बाकावर बसून एका अंगठ्याने दुसऱ्या हाताचा तळवा चोळत होता. पॉलिश करून करून त्या तळव्याची कातडी गुळगुळीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची तपासणी होती, तिची तयारी त्याच सकाळी चालू होती. तपासणी म्हटली की माझ्या वाट्याला ठाण्याची पितळेची पाटी. ती उतरवून मी चिंचेने घासायची. पावडरीने पितळ पिवळं होतं, पण चिंचेने जे तेज येतं ते पावडरीला येत नाही. वाटीभर कोळ करून मी पाटी नळाजवळ घेऊन बसले. नळ नेमका त्या काळ्या गाडीच्या मागच्या दाराजवळ. घासताना पाटी निसटली, वाटीला लागली आणि चिंचेचा कोळ सगळा दारावर उडाला.

माझा जीव उडाला. जप्त केलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे ठाण्यातल्या मांजरालाही माहीत. मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. पदराने भराभर पुसलं आणि मगभर पाणी मारलं.

आणि पाणी साबुदाण्यासारखं फुटलं.

गोल गोल थेंब झाले आणि एकमेकांना ढकलत खाली पळाले. मागे दार काळंभोर, कोरडं. जिथे चिंच उडाली नव्हती तिथे पाणी तसंच सपाट, मळकट. मी पुन्हा मग मारला. पुन्हा तसंच झालं. मी बोटाने थोडा कोळ आणखी वर लावला, जरा थांबून धुतला, तर तिथेही थेंब उठले. या दारावर काहीतरी होतं. तो माणूस खरं बोलत होता.

भीती नंतर आली. हे सांगायचं म्हणजे आधी कबूल करायचं की मी मुद्देमालाला हात लावला. नोकरी संपायला दोन वर्षं राहिलेली. आणि ठाणेदारांच्या खोलीत सव्वीस वर्षांत मी 'चहा' या शब्दाशिवाय दुसरा शब्द काढलेला नव्हता. खिडकीतून पाहिलं तर रायटर गुन्हा लिहायला बसला होता. मी उठले आणि ओल्या हातांनी दारात जाऊन उभी राहिले.

"मावशी, आत्ता चहा नको," ठाणेदार न पाहता म्हणाले.

"चहा नाही साहेब. माझ्या हातून चूक झाली. गाडीले चिंच लागली."

रायटरने पेन थांबवलं. "काय लागली?"

"चिंच."

"काहून वं मावशी, गाडीचं सार करून राहिल्या का?"

ठाणेदार हसले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते उठले आणि बाहेर आले. मी दारावर मगभर पाणी मारून दाखवलं. ते खाली वाकले, पुन्हा मारायला सांगितलं, मग स्वतः मारलं. मला वाटलं आता संपलं, माणूस सुटला. पण ते जुने तपासी अधिकारी होते.

"चिंचेमुळेच थेंब होत नसतील कशावरून? चिंच काहीतरी सोडत असेल मागे."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग जीपवर करून पाहा न साहेब. जीपले तर काहीच लावलं नाही."

जीप मी रोज धुते, तिचा पत्रा मला ठाऊक. तिच्या दारावर चिंच चोळली, धुतली. पत्रा चकचकीत झाला, पण पाणी मात्र सपाट पसरून राहिलं. ठाणेदार जीपकडून गाडीकडे आणि गाडीकडून जीपकडे तीन वेळा गेले. मग म्हणाले, "पंचांना बोलवा. व्यापाऱ्याला आणि त्या दुकानवाल्यालाही बोलवा. आणि मावशी, चिंच आहे का अजून?"

चिंच मी पळत जाऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणली. माझ्या वयाची बाई पळताना सदरमध्ये क्वचितच कोणी पाहिली असेल.

दुपारी पंचांसमोर बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. एक शिपाई फोनवर चित्रण करत होता. डाव्या अर्ध्यावर मी चिंच लावली, थांबले, धुतलं. मग दोन्ही बाजूंवर एकदमच पाणी सोडलं. उजवीकडे ते पसरलं. डावीकडे नुसते थेंब, टपोरे, पळणारे. बाकावरचा कारागीर कधी उठून खांबाला धरून उभा राहिला होता ते कळलंही नाही.

आता तोच बोलायला लागला. व्यापाऱ्याला त्याने विचारलं, "शेठ, गाडी कशी धुता?"

"धुवायची गरजच नाही म्हणे. नुसतं पाणी मारा, घाण आपोआप पळते म्हणे. ड्रायव्हर रोज सकाळी बोअरचं पाणी मारते अन् तशीच उन्हात सोडते. फडकं लावायचं नाही, थर जाईन म्हणून."

"हेच झालं साहेब," कारागीर ठाणेदारांना म्हणाला. "बोअरच्या पाण्यात क्षार. रोज वाळला, रोज बसला. माझा थर खाली दबला. वर जे दिसून राहिलं ते क्षार अन् धूळ आहे."

ठाणेदारांनी खाप्याहून जप्त झालेली खोकी उघडायला सांगितली. प्रत्येकात बारीक इंग्रजीत छापलेला कागद होता. रायटरने वाचून अर्थ सांगितला. सौम्य साबणाने नियमित धुवा. पाणी पुसून काढा, उन्हात वाळू देऊ नका. दगड, किल्ली, घासणं यांपासून संरक्षणाची हमी नाही. दहा वर्षांचा उल्लेख कुठेच नव्हता.

मालकाचा चेहरा उतरला. "जाहिरातीत थोडं वाढवूनच बोलावं लागते साहेब. सगळेच बोलतात."

"ठीक आहे. पण मग चोरीचा आळ या माणसावर का घातला?"

यावर मालक जे बोलला ते मी कधी विसरणार नाही. "मले खरंच वाटलं साहेब. थर लावला असता तर आठ महिन्यांत असा जातच नाही, असं मी सगळ्यांले सांगतो. मग गेला कसा? लावलाच नसंन."

तो खोटं बोलत नव्हता. स्वतःच्याच जाहिरातीवर त्याचा विश्वास बसला होता. कागद त्याने कधी वाचला नव्हता, आणि कारागिराला कोणी विचारलं नव्हतं.

व्यापारी मात्र चक्रावला. "म्हणजे हे ग्राफिन खरं की खोटं, एक सांगा न कोणी."

कारागीर म्हणाला, "चांगलं आहे शेठ. गाडी धुवायले सोपी जाते, चमक टिकते, नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं निघतात. साधं सिरॅमिकचं कोटिंगही जवळपास तेवढंच काम करते, हे पण खरं आहे. ओरखडा कोणतंच थांबवत नाही. भांड्याले कल्हई करतो न आपण, तसं समजा. कल्हई केली म्हणून भांडं घासणं सोडते का कोणी?"

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मालकाच्या दाव्यांबद्दल व्यापारी ग्राहक आयोगात गेला, आणि त्या आठवड्यातच सदरचा तो फलक उतरला. माझा जबाब घेतला गेला. पंचनाम्यात रायटरने लिहिलं, 'चिंचेचा कोळ, एक वाटी', आणि मी खाली सही केली. मुद्देमालाला हात लावल्याबद्दल ठाणेदारांनी मला ताकीद दिली. तीसुद्धा सगळ्यांसमोर. पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या लक्षात आले, म्हणून मला ती बक्षिसासारखी वाटली.

"तू आता जाऊ शकतोस," ठाणेदार कारागिराला म्हणाले. तो फाटकापर्यंत गेला, थांबला आणि परत आला. गाडीचं अर्धं बॉनेट काळंभोर, अर्धं राखाडी. "अशी अर्धी कशी सोडू साहेब, डोळ्याले खुपते," असं म्हणून त्याने बाह्या वर केल्या आणि माझ्याकडे बादली मागितली. व्यापारी बाजूला सरकला. साबण लावून, मऊ फडक्याने, एकेक हात फिरवत त्याने ती गाडी पूर्ण केली. मी पाणी देत होते.

या केसने मला काय शिकवलं ते लिहून वही मिटते. आमची खबर खोटी नव्हती, बाटल्या खरोखर त्याच्या घरी होत्या. पाण्याची परीक्षाही खोटी नव्हती. मालकाने दोन-तीन वर्षं टिकतं, धुवावं लागतं, असं सरळ सांगितलं असतं तर कोणाला चोर शोधावासाच वाटला नसता. मोठं बोलणारा बोलून मोकळा होतो. ते बोलणं खरं झालं नाही की लोक आधी काम करणाऱ्याच्या हातांकडे पाहतात. तेव्हापासून कोणी एखाद्या वस्तूची फार तारीफ करायला लागलं की मी ती वस्तू पाहत नाही. ती लावणारा कोण आहे, ते पाहते आणि त्यालाच विचारते.